ताईचं रिव्हॉल्व्हर

चोआ चू कांग, सिंगापूर
८ फेब्रुवारी २००४

प्रिय शिरीष,

तू ई-मेल कर म्हणतोस, पण रोमन अक्षरांतलं मराठी मला वाचवत नाही, आणि लिहवत तर मुळीच नाही. तेव्हा पत्रच घे.

तुमच्याकडून परत येऊन आठ महिने झाले, तरी श्रिया शाळेत अजून ओहायोच्याच गोष्टी सांगते. मला मात्र तिथलं एकच आठवत राहतं, तुझं रिव्हॉल्व्हर. हसू नकोस. पहिल्या दिवशी तू ते टेबलावर ठेवलंस तेव्हा मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत निघाले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या घोडदळाच्या हत्याराची हुबेहूब नक्कल, इटलीत केलेली, काळी दारू आणि शिशाची गोळी हाताने ठासून भरायची, असं तू कौतुकाने सांगत होतास आणि माझं लक्ष दाराकडे. मग तू लाकडी हातोडीने पाचर ठोकून काढलीस, नळी पुढे ओढलीस, सिलिंडर अलगद हातावर आला, आणि मी परत येऊन बसले. अण्णांच्या दुकानाची आठवण झाली. घड्याळ उघडलं की ते असेच सुटे भाग ओळीने मांडायचे. त्यांनी तुला इंजिनिअर केलं, मला बी.कॉम., पण घड्याळं उघडायला मलाच शेजारी बसवायचे.

पुढचे तीन आठवडे तू रविवारी नेमबाजीच्या मैदानावर बार उडवायचास आणि घरी येऊन धुवायची मी. म्हणून आता मोठी बहीण या नात्याने विचारते, वेळच्या वेळी साफ करतोस ना? त्याच दिवशी? ती काजळी हवेतलं पाणी ओढून घेते, एक दिवस जरी तशीच राहिली तरी आत गंज धरतो. कढत पाणी, भांड्यांचा साबण, सिलिंडरच्या सहाही घरांतून ब्रश, मागे ठिणगीच्या टोप्या बसतात त्या बारीक नळ्या काढून वेगळ्या धुवायच्या, मग पूर्ण कोरडं करायचं आणि मगच तेलाचा हात. माझ्या माघारी तू आळस करतोयस हे मला इथून दिसतं. कधी कधी वाटतं, सरळ लिहावं तुला, ते रिव्हॉल्व्हर माझं आहे, दे पाठवून इकडे.

— २ —

पण हे आपलं नुसतं वाटणं. चुकूनही खरं समजू नकोस. तिथे तुला ते पोस्टाने घरपोच मिळालं, इथे खेळण्यातलं पिस्तूल बाहेरून आणायलासुद्धा आधी परवानगी काढावी लागते. खरं सापडलं तर तुरुंग, आणि पुरुष असेल तर वर वेताचे फटके. फ्लॅट विश्वासच्या नावावर आहे, म्हणजे पहिलं त्याला धरतील. आम्ही नागरिकत्वाचा अर्ज केलाय, त्या चौकशा चालू आहेत. तेव्हा ते तुझ्याकडेच राहू दे. फक्त नीट ठेव, एवढंच मागणं.

चैत्रालीला सांग, तिने दिलेली भोपळ्याच्या पावाची कृती इथे फसली.

तुझी ताई


डेटन, ओहायो
२ मे २००४

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या धाकाने गेल्या रविवारी मैदानावरून आलो तो बूटही न काढता थेट सिंकपाशी. सगळं खोललं, धुतलं, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवलं, तेल लावलं. सिंकमध्ये काळं पाणी आणि घरभर कुजक्या अंड्यांचा वास. चैत्राली नाक धरून बाहेर जाऊन बसली. हल्ली ती त्याच्याकडे बघतही नाही.

त्याला कारण आहे. आनंदाची बातमी. नोव्हेंबरअखेरीस तू आत्या होणार आहेस! आईला फोनवर सांगितलं, ती रडायलाच लागली. ग्रीन कार्डाचंही शेवटच्या टप्प्यात आलंय. सगळं एकदमच जुळून येतंय असं वाटतं.

तुझा बेचाळिसावा वाढदिवस ऑगस्टमध्ये. तुझ्यासाठी आणि श्रियासाठी काही वस्तू पाठवतोय. जहाजाने येईल, उशीर झाला तर रागावू नकोस. काय आहे ते आधी विचारायचं नाही.

विश्वासरावांना नमस्कार.

तुझा शिरीष


चोआ चू कांग
१९ ऑगस्ट २००४

शिरीष,

तू हे काय केलंस?

फोनवर बोलू नका असं वकिलांनी सांगितलंय, आणि माझ्याच्याने बोलवणारही नाही. म्हणून लिहिते.

मंगळवारी सकाळी पार्सल आलं. पाव भाजायच्या यंत्राचं खोकं. वर श्रियाची पुस्तकं, खाली यंत्र, आणि यंत्राच्या पोटात, जिथे पीठ घालतात तिथे, चैत्रालीच्या निळ्या टॉवेलात गुंडाळलेलं ते. विश्वास ऑफिसला, श्रिया शाळेत. घरात मी एकटी. उघडल्याबरोबर मी विश्वासला फोन केला. तो म्हणाला, "कशालाही हात लावू नकोस." तांजोंग पगारच्या ऑफिसातून टॅक्सी करून आला. आल्या आल्या त्यानेच पोलिसांना कळवलं.

सहा जण आले. शिरीष, श्रियाच्या खेळण्यांच्या पेट्या उपसल्या. तांदळाचा डबा ओतून पाहिला. दारू किंवा गोळ्या काही सापडलं नाही, तेवढं तरी तू पाठवलं नाहीस. मग आम्हा दोघांना वेगवेगळ्या गाड्यांतून नेलं. समोरच्या बाईंनी, ज्यांच्याकडे मी दर दिवाळीला चकल्या देते, त्यांनी श्रियाला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. सध्या आम्ही घरी आहोत, पण पासपोर्ट जमा आहेत. विश्वासला ऑफिसने "काही दिवस" येऊ नका म्हटलंय.

तू चांगल्या मनाने पाठवलंस हे मला समजतं. तिथे त्याला कोणी बंदूक मानत नाही, तुला इथल्याची कल्पना आली नसेल, मी काय लिहिलं होतं ते तू विसरला असशील. त्यावर आपण नंतर भांडू. आत्ता एकच कर. स्वच्छ लिहून दे, ते तुझं आहे, मला न विचारता, न सांगता तू पाठवलंस. नोटरीची सही घे आणि सोबतच्या पत्त्यावर कुरिअर कर. हे कागद हातात आले तर सगळं सोपं होईल असं वकील म्हणतात. वाट बघते.

ताई


डेटन
१२ सप्टेंबर २००४

प्रिय ताई,

वाचून हादरलो. पण धीर सोडू नकोस. इथल्या कायद्याने ते हत्यार नाहीच, जुन्या वस्तूची नक्कल आहे. हे तिथल्या लोकांना समजावून सांगितलं की मिटेल.

तिथल्या पोलिसांकडून मला प्रश्न आले होते. मी परस्पर उत्तर पाठवलंय, माझ्या वकिलाच्या सल्ल्याने. त्याने सांगितलंय की सध्या कोणाला फार लिहू नका. अशी वस्तू देशाबाहेर पाठवण्याचेही काही नियम निघाले, मला माहीत नव्हते. ग्रीन कार्डाची मुलाखत ऑक्टोबरमध्ये आहे. तू समजून घेशील.

सगळं नीट होईल. तब्येतीला जप.

शिरीष


चोआ चू कांग
२४ ऑक्टोबर २००४

शिरीष,

तुझं उत्तर शुक्रवारी वाचायला मिळालं.

चौकशीच्या इन्स्पेक्टर बाई शांत आवाजात बोलतात. त्या दिवशी मी आणि विश्वास दोघंही समोर होतो. त्यांनी टेबलावर एक कागद सरकवला. "मॅडम, हे अक्षर तुमचं?"

माझंच होतं. माझं फेब्रुवारीतलं पत्र. सोबत इंग्रजी भाषांतर, शिक्क्यासकट. शेवटची ओळ पिवळ्या रंगाने अधोरेखित केलेली. "ते रिव्हॉल्व्हर माझं आहे, दे पाठवून इकडे."

मी म्हटलं, "याचं पुढचं पान कुठंय?"

"आम्हाला एवढंच मिळालंय."

मग त्यांनी तुझं निवेदन वाचून दाखवलं. म्हणे रिव्हॉल्व्हर मी तिथे असताना माझ्यासाठीच घेतलं होतं. तू फक्त सांभाळत होतास. मी लेखी मागितलं म्हणून तू यंत्राच्या खोक्यात घालून दिलंस, कशात लपवायचं हेही मीच सांगितलं. शिरीष, मी तिथे यायच्या दोन वर्षं आधी तू ते घेतलंस. घेतलंस तेव्हा फोटो पाठवला होतास.

विश्वास माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, हा आत्ता म्हणेल, माझी बायको असं करणार नाही. त्याने भाषांतराचा कागद ओढून पुन्हा वाचायला घेतला. आणि त्याला तरी का दोष द्यावा? पुढचा प्रश्न आला तेव्हा मी त्याच्याशीही खोटं बोलले होते हे उघड झालं.

बाईंनी विचारलं, "पार्सल सव्वाअकराला पोचलं. तुम्ही मिस्टरांना फोन केलात एक वाजता. मधे काय केलंत?"

आता तुलाही खरं सांगते, कारण तुला मी ऑगस्टमध्ये खोटं लिहिलं. टॉवेल सोडला तेव्हा आधी मी घाबरले नाही. आधी मला राग आला. कारण ते घाणेरडं होतं. तू बार उडवून ते तसंच गुंडाळलं होतंस. सहाही घरांत काळा लगदा, नळीच्या तोंडाशी तांबूस गंज, पाचर जाम झालेली. धुतलं, वाळवलं, तेल लावलं म्हणून मला लिहिणारा माणूस. मी पाणी गरम करायला ठेवलं. वरवंट्यावर फडकं गुंडाळून पाचर ठोकली. साबणाने घर-घर धुतलं, श्रियाचा जुना टूथब्रश घेतला, पुसलं, ओव्हनमध्ये ठेवलं, खोबरेल लावलं. पुन्हा जोडलं. घोडा मागे ओढला, सिलिंडर टक्कन एक घर फिरला. किती छान आवाज होता तो. आणि तो आवाज झाल्यावर मला कळलं की माझ्या स्वयंपाकघरात माझ्या हातात काय आहे. मग मी फोन केला.

"मी ते साफ केलं," मी म्हटलं.

"का?"

"घाण होतं म्हणून."

बाई लिहायच्या थांबल्या. विश्वासने मान खाली घातली. बाहेर आल्यावर लिफ्टपाशी तो एवढंच म्हणाला, "ज्या वस्तूपायी मला फटके बसू शकतात, ती तू पावणेदोन तास घासत होतीस?" घरापर्यंत आम्ही एमआरटीच्या गाडीत समोरासमोर बसलो, शेजारी नाही.

माझी चूक माझी आहे. ती मी कबूल केली, लिहूनही दिली. तुझी तू कबूल कर. माझ्या पत्राचं दुसरं पान तुझ्याकडे आहे. तू ते वाचलंस, पहिल्यापासून वेगळं काढलंस, आणि पहिलं पाठवलंस. हे घाबरून पटकन होत नाही, शिरीष. त्याला टेबलाशी बसावं लागतं.

श्रिया तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत मला म्हणते, "आई, मामा जस्ट टेल देम द ट्रूथ लाह, सो इझी." मी तिला काय सांगू?

ते पान पाठव.

ताई


डेटन
१५ नोव्हेंबर २००४

स्मिताताईंना नमस्कार.

तुमच्या पत्रावर शिरीषचं नाव होतं, तरी मी उघडलं. तो आठवडाभर ते न फोडता फ्रिजवर ठेवून होता.

तुम्हाला काही गोष्टी सांगायला हव्यात. मार्चमध्ये डॉक्टरांनी बातमी पक्की केली त्याच दिवशी मी शिरीषला म्हटलं, बाळ यायच्या आत ही वस्तू घराबाहेर गेली पाहिजे. तो महिनाभर रुसून बसला. मेअखेरीस म्हणाला, क्लबातल्या एकाला विकलं. मी विश्वास ठेवला. ऑगस्टमध्ये तुमचं पत्र आलं तेव्हा म्हणाला, ताईनेच मागून घेतलं होतं, तुला आवडणार नाही म्हणून बोललो नाही, आता ती उलटली. त्यावरही मी विश्वास ठेवला. दोन महिने मी मनातल्या मनात तुमच्यावर चिडून होते. माफ करा.

तुमचं हे पत्र वाचल्यावर मी दुसरं पान शोधायला लागले. रिव्हॉल्व्हरबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात घडी घालून ठेवलेलं सापडलं. खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा चालत नाही, विश्वासरावांना फटके बसतील, सगळं त्यात होतं. मी ते त्याच्यापुढे ठेवलं. विचारलं, "हे वाचून तू ते यंत्रात लपवलंस?"

तो म्हणाला, "मला वाटलं पोचेल. ती नीट ठेवेल. वर्ष-दोन वर्षांनी वातावरण निवळलं की घेऊन येईन."

"आणि निवेदन?"

"ग्रीन कार्ड जाईल गं. बाळ येतंय. ताईला बाई म्हणून फार काही करणार नाहीत."

ताई, त्याने तुमचा हिशोब असा केला होता. विश्वासरावांचा त्याने विचारच केला नव्हता.

मूळ पान सोबत आहे. ते मार्चमध्येच आमच्या घरात होतं, त्याने अनेकदा वाचलं होतं, आणि रिव्हॉल्व्हर कधी, कुठून घेतलं, हे सगळं मी लिहून नोटरीसमोर सही करून जोडलंय. पावतीही आहे, २००१ सालची, त्याच्या नावाची. हे मी त्याला सांगून पाठवते आहे. मी गाडीची किल्ली घेतली तेव्हा तो सोफ्यावर बसून होता. त्याने मला थांबवलं नाही. त्याच्या बाजूने लिहिण्यासारखं एवढंच आहे.

चैत्राली


डेटन
२० जानेवारी २००५

ताई,

मुलगी झाली. तीन डिसेंबरला. डोळे थेट आपल्या आईचे. चैत्राली आणि बाळ दोघी ठीक आहेत.

मी दुसरं निवेदन पाठवलंय, चैत्रालीच्या पाठोपाठ. सगळं खरं लिहिलंय. ग्रीन कार्डाची फाइल थांबली आहे, दंड होईल असं वकील म्हणतो, कदाचित परतही यावं लागेल. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. की म्हणूनच लिहितोय, मला माहीत नाही.

मी घाबरलो होतो. पोलिसांचा कागद आला तो हातात घेऊनच टेबलाशी बसलो. तुझं पत्र काढलं ते फक्त वाचायला. पहिलं पान संपलं, आणि तिथे नेमकं ते वाक्य होतं. मी कितीतरी वेळ बघत बसलो. तू लहानपणी माझ्या सगळ्या गोष्टी अंगावर घ्यायचीस. अण्णांचं टेबलावरचं घड्याळ मी पाडलं, मार तू खाल्लास. मला वाटलं, हेही तू निभावून नेशील. असं वाटलं याची आता शरम वाटते.

बारसं अजून केलेलं नाही. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? तू नाव कळव. फोनवरून तिच्या कानात सांगितलंस तरी चालेल. आईला मी काही बोललेलो नाही. तू बोललीस का?

तुझा शिरीष


चोआ चू कांग
२७ फेब्रुवारी २००५

शिरीष,

मुलगी झाली, आनंद वाटला. चैत्रालीला वेगळं लिहिलं आहे.

गेल्या सोमवारी आम्हाला बोलावलं होतं. खटला होणार नाही. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. मला जरा कडक, पावणेदोन तासांबद्दल. इन्स्पेक्टर बाईंनी पासपोर्ट परत दिले तेव्हा मी विचारलं, त्या वस्तूचं पुढे काय होतं. त्या म्हणाल्या, "नष्ट करतात." मला वाईट वाटलं. ते मी विश्वाससमोरच बोलून दाखवलं, कारण आता मी त्याच्यापासून काही लपवत नाही. त्याने पासपोर्ट खिशात ठेवले. मग म्हणाला, "मला माहीत आहे."

नागरिकत्वाचा अर्ज आम्ही मागे घेतला. विश्वासला ऑफिसने परत घेतलं, पण त्याच्या जागेवर नाही. हिशोबतपासणीतून काढून खालच्या मजल्यावर बसवलंय. समोरच्या बाई लिफ्टमध्ये आता पुन्हा हसतात. सहा महिने टपालपेटीची किल्ली विश्वास स्वतःच्या खिशात ठेवायचा, खाली जाऊन स्वतःच पेटी उघडायचा. परवा त्याने ती काही न बोलता चहाच्या कपाशेजारी ठेवली. तुझं पत्र मीच वर आणलं.

घड्याळाचं तू लिहिलंस. मला आठवतं. तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, आणि मी काय अंगावर घेतेय ते मला ठाऊक होतं. या वेळी मला कोणी विचारलं नाही. मला जे मनापासून आवडलं ते जगात फक्त तुला माहीत होतं. विश्वासलाही मी ते कधी नीट सांगितलं नव्हतं, हसेल म्हणून. तुला सांगितलं. तू तेच उचललंस आणि माझ्याविरुद्ध टेबलावर ठेवलंस. तुरुंगाची भीती गेली, हे जात नाही. रोज भाजी चिरताना येतं, श्रियाची वेणी घालताना येतं.

आईला मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिला तिची दोन मुलं होती तशीच राहू देत. तिच्या तब्येतीचं काही असलं तर विश्वासला फोन कर, तो मला सांगेल.

नाव तुम्ही ठेवा. मी ठेवलं तर तिला हाक मारताना दर वेळी तुला माझी आठवण होईल, आणि आता तुझ्या घरात मला तेवढंही राहायचं नाही. ती मोठी होईल, लिहायला शिकेल. कधी तिला आपणहून आत्याला काही लिहावंसं वाटलं तर जरूर लिहू दे. मी उत्तर देईन.

तू लिहू नकोस.

स्मिता